पंचवीस मिनिटांनी थांबलेली धडधड

या प्रकरणातल्या काकू म्हणजे कुणी एक विशिष्ट व्यक्ती नव्हे. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचा ताल बिघडण्याचा एक आजार, असलेल्या रुग्णांमध्ये पुन्हापुन्हा दिसणारा घटनाक्रम एका व्यक्तीभोवती जुळवून इथे मांडला आहे. त्यांचं वय ६८. उच्च रक्तदाब ११ वर्षं, त्यासाठी रोज एक गोळी. मधुमेह नाही, पूर्वी हृदयविकाराचा झटका नाही. निवृत्त शिक्षिका, रोज पाऊण तास चालणाऱ्या, स्वतःची कामं स्वतः करणाऱ्या. आजारी म्हणावं असं त्यांच्यात काही दिसत नव्हतं.

एका पहाटे तीनच्या सुमारास त्यांना धडधडीनं जाग आली. पुढे त्यांनी या धडधडीचं जे वर्णन केलं, ते कुठल्याही डॉक्टरनं कान देऊन ऐकावं इतकं नेमकं होतं : "एक ठोका पडायचा, मग वाट बघायला लावायचा, मग तीन-चार एकदम." थोडा दम लागत होता, हातपाय गार पडले होते. छातीत दुखत नव्हतं, भोवळ आली नव्हती. यजमान उठले, त्यांनी पाणी दिलं, आणि दोघंही पलंगावर बसून राहिले. २५ मिनिटांनी धडधड आली तशीच गेली. सकाळी मुलीचा फोन आला तेव्हा हा विषय त्यांनी काढलाच नाही. थांबलं ना, मग कशाला तिच्या जिवाला घोर.

त्या २५ मिनिटांत आत काय चाललं होतं ते आधी पाहू. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात साइनस नोड नावाचा पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. विश्रांतीच्या वेळी तो मिनिटाला ६० ते १०० वेळा विजेचा इशारा देतो, आणि त्या इशाऱ्यावर आधी वरचे दोन कप्पे, मग खालचे दोन आकुंचन पावतात. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये वरच्या कप्प्यांत मिनिटाला ३५० ते ६०० विस्कळीत आवेग सैरावैरा धावू लागतात. कप्पा धड आकसत नाही, नुसता थरथरत राहतो. खालच्या कप्प्यांकडे जाणाऱ्या वाटेवर एव्ही नोड नावाचा दुसरा पुंजका बसलेला असतो. तो यातले बरेच आवेग अडवतो, पण कोणता अडवेल आणि कोणता सोडेल याला काही नेम नसतो. म्हणून नाडी जलद चालते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिच्यात कुठलाही ताल सापडत नाही. काकूंच्या "वाट बघायला लावायचा, मग तीन-चार एकदम" या शब्दांत निदान जवळजवळ होतंच. अशी बेताल नाडी वैद्यांच्या बोटांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. विलेम आइन्थोवेन यांनी १९०६ साली तिची ईसीजीवरची नोंद प्रसिद्ध केली, आणि १९०९ मध्ये थॉमस लुईस यांनी ती वरच्या कप्प्यांच्या थरथरीशी जोडून दाखवली.

या थरथरीचे दोन परिणाम होतात. वरच्या कप्प्याचा शेवटचा रेटा नाहीसा झाला की खालचा कप्पा पूर्ण भरत नाही. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबानं ज्याचं हृदय ताठर झालेलं असतं, त्याला ही तूट अधिक जाणवते आणि दम लागतो. दुसरा परिणाम मात्र जाणवत नाही. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी, पिशवीसारखी खोबण असते. कप्पा हालत नसला की तिथलं रक्त साचून राहतं, साकळतं, गुठळी धरतं. ती गुठळी सुटली की रक्तप्रवाहाबरोबर मेंदूच्या धमनीत जाऊन अडकू शकते. एट्रियल फिब्रिलेशन असलेल्यांना पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो, तो यामुळेच. आणि या धोक्याचा धडधड किती त्रासदायक आहे याच्याशी संबंध नाही. कित्येकांना तर धडधड जाणवतच नाही आणि पहिली खूण म्हणून थेट पक्षाघातच समोर येतो.

मग त्या रात्री काकूंनी दवाखाना गाठायला हवा होता का? माझं प्रामाणिक उत्तर : त्या रात्रीच जायला हवं होतं असं नाही. छातीवर दाब नव्हता, बसल्या जागी धाप नव्हती, शुद्ध हरपली नव्हती, बोलणं स्पष्ट होतं, आणि धडधड थांबली होती. यातल्या पहिल्या चारांपैकी एक जरी गोष्ट वेगळी असती, तर रुग्णवाहिका बोलावण्याखेरीज दुसरं काही करू नये. विश्रांतीतही ठोके १२० च्या वर राहिले आणि कमी व्हायची चिन्हं नसली, तरी त्याच रात्री निघावं. सुरुवात नेमकी किती वाजता झाली याची नोंद ठेवावी. लय पूर्ववत करण्यासाठी विजेचा झटका द्यायचा की आधी तीन आठवडे गुठळीविरोधी औषध द्यायचं, हे डॉक्टर बऱ्याच अंशी त्या वेळेवरून ठरवतात. २४ तास उलटून गेलेले असतील तर गुठळी आधीच तयार झालेली असण्याची शक्यता धरून चालावं लागतं. त्यामुळे "कधीपासून?" या प्रश्नाला "बहुतेक कालपासून" यापेक्षा "पहाटे तीन वाजता जाग आली तेव्हापासून" हे उत्तर फार मोलाचं आहे.

चूक झाली ती सकाळी. अशी पहिली धडधड झाल्यावर, थांबलेली असली तरी, त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगून ईसीजी काढणं आवश्यक होतं. काकूंचा हिशेब साधा होता : त्रास थांबला म्हणजे विषय संपला. दातदुखी थांबली की आपण असंच करतो, त्यात वेडेपणा काही नाही. पण हा आजार सुरुवातीला येऊन-जाऊन असतो. तासाभरात, दिवसाभरात आपोआप थांबतो, आणि पुन्हा येतो. सात दिवसांच्या आत थांबणाऱ्या या प्रकाराला वेगळं नावही आहे, पॅरॉक्सिझमल. गुठळीचा धोका मात्र अशा येऊन-जाऊन असणाऱ्या प्रकारातही असतो.

नॉर्मल आलेला ईसीजी

पाच आठवड्यांनी जिना चढताना पुन्हा तसंच झालं. या वेळी यजमानांनी आग्रह धरला आणि दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरांकडे गेले. ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. "ताण घेऊ नका, झोप पूर्ण करा," असं सांगण्यात आलं. काकूंना हायसं वाटलं.

या प्रकरणातला हाच टप्पा मला सर्वात जास्त टोचतो. साधा ईसीजी साधारण दहा सेकंदांची नोंद असते. काल आलेल्या पावसाचा फोटो आज कोरड्या अंगणात काढता येत नाही. आजचा ईसीजी नॉर्मल आहे याचा अर्थ एवढाच, की आत्ता ताल नीट आहे. ६८ वर्षांचं वय, ११ वर्षांचा रक्तदाब आणि अचानक सुरू होऊन अचानक थांबणारी बेताल धडधड एवढी माहिती समोर असताना "ताण" हे निदान घाईचं होतं. ताणानं धडधड होते, नाही असं नाही. पण तिचे ठोके बहुधा जलद तरी तालात असतात, आणि हळूहळू वाढून हळूहळू उतरतात.

त्या दिवशी एक अगदी साधी गोष्ट करता आली असती. "काकू, काल ठोके कसे पडत होते ते या टेबलावर बोटानं वाजवून दाखवा." त्यांनी वाजवलं असतं ते ऐकून चोवीस तास किंवा त्याहून अधिक काळ ठोके टिपणारं होल्टर लावायचा विचार नक्की झाला असता. थायरॉईडची तपासणी व्हायला हवी होती, कारण थायरॉईडचा स्राव वाढला की हा आजार उद्भवू शकतो आणि तो स्राव आटोक्यात आला की पुष्कळदा लयही सुधारते. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून झडपा आणि कप्प्यांचा आकार पाहायला हवा होता. आणखी एक प्रश्न विचारायचा राहिला, तो खरं तर यजमानांना : या झोपेत घोरतात का, घोरताना मध्येच श्वास थांबतो का? उत्तर 'हो' असं होतं, कित्येक वर्षांपासून. झोपेत श्वास अडकणं आणि एट्रियल फिब्रिलेशन यांचं नातं घट्ट आहे, आणि पहिली धडधड पहाटे झोपेतच आली होती.

रुग्णाच्या बाजूनंही एक वाक्य बोलता आलं असतं : "आज नॉर्मल आहे हे ठीक, पण धडधड चालू असतानाचा ईसीजी कसा मिळेल?" असं विचारण्यात डॉक्टरांचा अवमान नाही. कुणाला ते उद्धट वाटेल असं मनात आलं तरी विचारावं. धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात जाऊन ईसीजी काढून घ्यायचा, किंवा ईसीजी काढू शकणारं मनगटी घड्याळ असेल तर त्यावर तीस सेकंदांची नोंद करून डॉक्टरांना दाखवायची, हे दोन्ही उपयोगी पडतं.

त्याऐवजी काकूंनी स्वतःच्या मनानं यजमानांची ॲस्पिरिनची गोळी रोज घ्यायला सुरुवात केली. हृदयाची गोळी आहे, चांगलीच असेल, असा विचार.

बारा मिनिटं

तीन महिने गेले. एका सकाळी मुलीशी फोनवर बोलताना काकूंचे शब्द घसरू लागले. म्हणायचं एक, तोंडातून भलतंच. उजव्या हातातला फोन निसटला. मुलीला पलीकडून नुसता अस्पष्ट आवाज येत राहिला, मग वडिलांनी फोन उचलला. बारा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. काकू उठून बसल्या, स्पष्ट बोलल्या, हात वर करून दाखवला. "आता बरी आहे मी, उगाच धावपळ नको."

मुलगी म्हणाली, "आई, तू बरी झालीस हे चांगलंच झालं. पण आपण दवाखान्यात जातोय, आत्ताच. बाबा, रुग्णवाहिका बोलवा, मी तिथे पोचते."

या संपूर्ण प्रकरणात सर्वात योग्य निर्णय हाच. आपोआप ओसरणाऱ्या अशा झटक्याला टीआयए म्हणतात. मेंदूचा रक्तपुरवठा काही काळ अडला आणि पुन्हा सुरू झाला. नुकसान उरलं नाही म्हणून तो सौम्य वाटतो, पण त्यानंतरचे दोन दिवस खऱ्या, न ओसरणाऱ्या पक्षाघातासाठी सर्वात धोक्याचे असतात. तोंड एका बाजूला वाकडं होणं, एका हातातलं किंवा पायातलं बळ जाणं, जीभ जड होणं किंवा शब्द न सापडणं, एकाएकी एका डोळ्याला न दिसणं, यातलं काहीही झालं तर ते किती वेळ टिकलं हे न बघता निघायचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, म्हणून माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ सांगता आली पाहिजे. जिथे सीटी स्कॅन चोवीस तास चालू असतं अशाच रुग्णालयात जावं, वाटेतल्या लहान दवाखान्यात अर्धा तास घालवू नये. वाटेत पाणी किंवा गोळी देऊ नये, कारण गिळण्याचे स्नायू दुबळे झालेले असू शकतात. ॲस्पिरिनही देऊ नये, कारण मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कुणालाही कळत नाही.

रुग्णालयात स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही. ईसीजी पुन्हा नॉर्मल! पण या वेळी त्यांना मॉनिटरवर ठेवलं होतं. दुसऱ्या रात्री २ वाजून ४० मिनिटांनी एट्रियल फिब्रिलेशनचा झटका सापडला : १८ मिनिटं, ठोके १३८ पर्यंत, दोन ठोक्यांमधलं अंतर दर वेळी वेगळं, आणि वरचा कप्पा आकसल्याची जी छोटी लाट प्रत्येक ठोक्याआधी दिसायला हवी ती गायब. थायरॉईड ठीक निघालं. इकोमध्ये डावा वरचा कप्पा थोडा मोठा झालेला, झडपा चांगल्या.

चार होण्याआधी दोन होतेच

गुठळी रोखणारं औषध कुणाला द्यायचं हे ठरवायला डॉक्टर गुण मोजतात. हृदय निकामी होऊ लागलं असेल तर १, रक्तदाबाचा १, मधुमेहाचा १, रक्तवाहिन्यांच्या विकाराचा १, वय ६५ ते ७४ असेल तर १ आणि ७५ किंवा अधिक असेल तर २, आधी पक्षाघात किंवा टीआयए झाला असेल तर २. पूर्वी स्त्रियांना एक गुण जास्त धरत; युरोपातल्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी तो वगळला. दोन किंवा अधिक गुण असतील तर औषधाची स्पष्ट शिफारस आहे.

काकूंचे रुग्णालयातले गुण ४. त्यातले टीआयएचे दोन वजा करा. पहिल्या पहाटेला, पाण्याचा पेला हातात घेऊन पलंगावर बसल्या होत्या तेव्हाही, त्यांचे गुण २ होते. म्हणजे निदान तेव्हा झालं असतं तर औषध तेव्हाच सुरू झालं असतं.

त्यांना ॲपिक्साबॅन सुरू झालं, ५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. लोक त्याला रक्त पातळ करणारी गोळी म्हणतात, पण रक्त पातळ होत नाही. गोठण्याच्या साखळीतली एक कडी अडवली जाते. वय ८० किंवा अधिक, वजन ६० किलो किंवा कमी, आणि मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन १.५ किंवा अधिक, यांपैकी दोन गोष्टी असतील तर मात्रा निम्मी करतात. काकूंमध्ये एकही नव्हती. केवळ वयाकडे बघून भीतीपोटी निम्मी मात्रा देणं सर्रास चालतं, आणि त्यानं संरक्षण अपुरं पडू शकतं. ज्यांची मायट्रल झडप संधिवाताच्या तापानं बरीच अरुंद झाली आहे किंवा ज्यांना धातूची झडप बसवली आहे, त्यांना ॲपिक्साबॅनसारखी नवी औषधं चालत नाहीत. त्यांना वॉरफॅरिन हे जुनं औषधच द्यावं लागतं, आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारं आयएनआर तपासत राहावं लागतं. ॲस्पिरिन बंद झालं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ॲस्पिरिनच्या तुलनेत ॲपिक्साबॅननं पक्षाघात निम्म्याहून कमी झाले, आणि मोठ्या रक्तस्रावांचं प्रमाण दोन्हींत जवळपास सारखंच राहिलं. "ॲस्पिरिन सौम्य, म्हणून सुरक्षित" हा समज त्या आकड्यांपुढे टिकत नाही.

ठोके आटोक्यात ठेवायला मेटोप्रोलॉल दिलं. झोपेची तपासणी होऊन रात्री श्वासाचं यंत्र लागलं. ॲब्लेशनचा पर्यायही समजावून सांगितला : फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी, जिथून हे विस्कळीत आवेग बहुतेक वेळा सुरू होतात, तिथे नळीवाटे जाऊन ऊतक निष्क्रिय करायचं. काकूंनी विचाराला वेळ मागितला. ॲब्लेशन यशस्वी झालं तरी गोळी चालू ठेवायची की नाही हे गुणांवरून ठरतं, धडधड थांबली यावरून नाही, हे त्यांनी डॉक्टरांकडून दोनदा वदवून घेतलं. तो प्रश्न त्यांना आता बरोबर कळला होता.

दाढ

आठ महिन्यांनी दाढ काढायची वेळ आली. ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं, रक्ताची गोळी पाच दिवस आधी बंद कर. त्यांनी केली. काही झालं नाही, पण ते नशीब. ॲपिक्साबॅनचा परिणाम एक-दोन दिवसांत ओसरतो. म्हणजे उरलेले दिवस टीआयए होऊन गेलेली ही बाई विनासंरक्षण होती. एखादी दाढ काढायला ही गोळी बहुधा बंद करावी लागत नाही. फार तर त्या सकाळची मात्रा पुढे ढकलतात. किती आणि कधी, ते गोळी देणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. दाढेनंतरच्या दुखण्यावर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मनानं घेऊ नयेत, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल चालतं.

ही गोळी घेणाऱ्यांसाठी तातडीच्या यादीत आणखी काही गोष्टी येतात. डोक्याला मार लागला तर वरून काही दिसत नसलं तरी रुग्णालय. डांबरासारखी काळी शौचाला झाली, लघवीतून रक्त गेलं, दहा-पंधरा मिनिटं दाबून धरूनही नाकातलं रक्त थांबलं नाही, तर रुग्णालय. दात घासताना हिरडीतून थोडं रक्त आलं म्हणून गोळी सोडू नये. ते पुढच्या भेटीत सांगावं.

काकू आता रोज सकाळी नाडी बघतात. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर तीन बोटं, घड्याळ समोर, पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं तर बेताल नाडीचा आकडा चुकतो. रक्तदाबाचं यंत्रही अशा वेळी चकवतं, म्हणून थोड्या थोड्या वेळानं तीनदा मोजून तिन्ही आकडे लिहायचे.

मागच्या महिन्यात पहाटे चार वाजता पुन्हा जाग आली. तोच पलंग, तेच पाणी, शेजारी यजमान. त्यांनी दिवा लावला, नाडी मोजली : ११६, बेताल. छातीत दाब आहे का? नाही. बसल्यावर दम? नाही. यजमानांनी त्यांना एक पूर्ण वाक्य बोलायला आणि दोन्ही हात समोर धरायला लावलं, दोन्ही ठीक. रात्रीची गोळी घेतली होती का, ते पाकिटावर बघितलं. मग वहीत वेळ लिहून त्या बसून राहिल्या. ४ वाजून ५० मिनिटांनी नाडी ७६, तालात. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की एवढंच असेल तर रात्री धावायचं नाही, सकाळी कळवायचं. नऊ वाजता त्यांनी वहीतल्या ओळी दवाखान्यात फोनवर वाचून दाखवल्या. डॉक्टरांनी मेटोप्रोलॉलची मात्रा बदलली आणि ॲब्लेशनबद्दल बोलायला पुढच्याच आठवड्यात बोलावलं.

त्यानंतरचा फोन त्यांनी मुलीला केला.